फायबरची कुळकथा

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जाऊन विचारा, ही होडी कशाची? उत्तर येतं, "फायबरची." गोठ्यात उजेड यावा म्हणून कौलांमध्ये बसवलेला पत्रा फायबरचा, न्हाणीघराचं दार फायबरचं, चौकातला पुतळाही फायबरचा. या इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र नुसता तंतू. तंतूंची होडी कशी तरंगेल? मूळ नाव होतं फायबरग्लास. बोलता बोलता आपण त्यातली काच गाळली. तंतूंना आकारात धरून ठेवणारं रेझिन तर त्या नावात पहिल्यापासून नव्हतंच. सगळं श्रेय धाग्याला मिळालं आणि त्याला धरणारा बिननावाचा राहिला.

कूळ जुनं आहे. कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि त्यांवर माती-शेणाचा गिलावा लिंपायचा. मातीत भाताचं तूस किंवा बारीक चिरलेलं गवत मळलेलं असायचं. नुसती माती वाळताना तडकते. गवताची काडी त्या तड्याला आडवी येते. नुसत्या काड्यांची भिंत उभी राहत नाही. माती त्यांना जागच्या जागी धरते. ओढ सोसायची एकाने, आकार धरायचा दुसऱ्याने. ज्याला अभियंते कंपोझिट किंवा संमिश्र म्हणतात, त्याचं मूळ तत्त्व एवढंच आहे. मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी हेच धनुष्यात साधलं होतं. लाकडाच्या पोटाकडून शिंगाची पट्टी, कारण वाकवताना ती बाजू दाबली जाते. पाठीकडून जनावराचे स्नायुतंतू, कारण ती बाजू ताणली जाते. आणि हे सगळं सरसाने एकजीव केलेलं.

काच या कुळात आली तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०-२१ मध्ये एक साधा प्रश्न हाती घेतला: काच इतकी सहज का फुटते? त्यांनी काचेच्या सळ्या आणि धागे ताणून तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काचेपेक्षा तीन-साडेतीन मायक्रॉनचा धागा, दर चौरस इंचाला मोजलं तर, जवळजवळ वीसपट बळकट निघाला. उकल अशी की काच स्वभावाने कमजोर नाही, तिच्यात दडलेल्या सूक्ष्म भेगा तिला फोडतात. धागा बारीक काढला की मोठ्या भेगेला त्यात जागाच उरत नाही. असे हजारो धागे एखाद्या चिवट द्रव्यात बसवले तर एक तुटला तरी तडा तिथेच थांबतो आणि त्याचा भार शेजारचे धागे उचलतात. खिडकीची काच दगडाने फुटते आणि काचेचीच होडी लाटा झेलते, याचं कारण हे.

पण धागे काढायचे कसे? हौसेपुरते ते आधीही निघत होते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी यांच्या काच कारखान्याने काचेचे धागे आणि रेशीम विणून केलेला पोशाख मांडला होता. त्याचा उपयोग मिरवण्यापलीकडे नव्हता. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली काम करणारा डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे दोन ठोकळे एकमेकांना सांधू पाहत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर गेला आणि सांधा जुळण्याऐवजी बारीक तंतूंचा पुंजका उडाला. स्लेटर यांनी ती चूक जपली आणि तिची रीत बनवली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी उभी राहिली.

जोडीदार अजून मिळायचा होता. त्या काळचं बेकेलाइटच्या जातीचं रेझिन घट्ट होताना आतून पाणी सोडतं, त्यामुळे ते तापलेल्या साच्यात जबर दाबाखाली ठेवावं लागतं. कंगवा किंवा स्विच तसा होईल, होडी कशी होणार? १९३० च्या दशकात कार्लटन एलिस यांनी पॉलिस्टर रेझिनवर जे काम केलं, त्याने ही अडचण सुटली. हे रेझिन घट्ट होताना काहीच बाहेर टाकत नाही. दाब नको, भट्टी नको. ब्रशने फासा आणि थांबा. मोठ्या वस्तू हाताने घडवायची वाट इथून खुली झाली. १९४२ च्या सुमारास ओहायोतल्याच रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिस्टरची छोटी शिडाची होडी केली. युद्धात रडारवरची आच्छादनं याच द्रव्याची झाली, कारण रडारच्या लहरी त्यातून आरपार जातात.

सोयरीक जुळली तरी संसार सुखाचा नव्हता. काचेला पाण्याची ओढ फार. ओलावा हळूहळू काच आणि रेझिन यांच्या मध्ये शिरायचा, पकड सुटायची आणि वस्तू दुबळी व्हायची. १९४० च्या दशकात यावर सिलेन नावाच्या संयुगांचा उतारा सापडला. त्यांच्या रेणूचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनशी जुळतं. आज रेझिनच्या कामासाठीच्या काचतंतूंवर कारखान्यातच असा पातळ लेप चढवतात. धागा आणि रेझिन या दोघांइतकंच त्यांच्यामधल्या या न दिसणाऱ्या सांध्याला महत्त्व आहे, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

आता होडी घडते कशी ते पाहू. आधी साचा. त्याच्या आतल्या अंगाला आरशासारखी चकाकी आणायची आणि वॅक्स चोळायचं, म्हणजे वस्तू चिकटून बसत नाही. मग जेलकोटचा रंगीत थर. जे सगळ्यात बाहेर दिसायचं ते सगळ्यात आधी लावायचं, म्हणजे ही होडी बाहेरून आत बांधत जातात. जेलकोट बोटाला चिकट लागेल पण रंग सोडणार नाही, इतपत आवळला की काचतंतूंची मॅट अंथरायची आणि रेझिन फासायचं. पांढरी मॅट भिजली की पारदर्शक होते. कुठे पांढरा डाग उरला तर तिथे रेझिन पोचलेलं नाही, हे कारागिराला डोळ्यांनीच कळतं. मग खाचांचा रोलर फिरवून हवेचे बुडबुडे पिळून काढायचे. मॅटवर रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड, त्यावर पुन्हा मॅट. रेझिन सढळ हाताने ओतलं म्हणजे होडी मजबूत होते हा गैरसमज आहे. जास्तीचं रेझिन वजन वाढवतं आणि तडकतं. नुसत्या मॅटच्या हातकामात काच वजनाने जेमतेम तीस टक्के बसते, रोव्हिंगमध्ये ती निम्म्यापर्यंत जाते.

रेझिन आवळतं ते शेकडा एक-दोन भाग कॅटॅलिस्ट घातल्यावर, आणि त्याला वेग देतं कोबाल्ट. ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पुरतं ढवळायचं, नंतर दुसरं. आवळताना रेझिन तापतं; मिसळून बादलीत तसंच राहिलं तर धुमसू लागतं. पावसाळी दमट हवेत काम नासतं. आणि घासकामाच्या वेळी उडणारी काचेची धूळ अंगाला खाज आणते, छातीत जाते. तोंडावर मास्क न बांधता हे काम करणारी पोरं पाहिली की जीव तुटतो.

विमानाच्या भागांना ही हातरीत पुरत नाही. तिथे कार्बनचे तंतू आधीच रेझिनमध्ये भिजवून शीतगृहात ठेवलेले असतात. ठरलेल्या दिशांनी त्यांचे थर रचतात, वरून पिशवी लावून हवा उपसतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबभट्टीत भाजतात. दिशा महत्त्वाची, कारण तंतू लांबीत बळकट, आडवा दुबळा. लाकूड रेषेवर सहज चिरतं तसंच. आपल्या तेजस विमानाचा सुमारे ४५ टक्के भार अशा संमिश्रांचा आहे.

या कुळात एक उणीव आहे. पॉलिस्टर असो वा इपॉक्सी हे दुसरं रेझिन, एकदा आवळलं की पुन्हा वितळत नाही. लोखंडी बोट भंगारात जाते आणि नवं लोखंड होऊन परत येते. फायबरच्या जुन्या होडीला तशी वाट नाही. म्हणून तिची डागडुजी करत ती जितकी जास्त वर्षं वापरता येईल तितकी वापरावी.

गोव्यात मांडवीला तिच्या वरच्या वाटेवर म्हादई म्हणतात. त्याच नावाची नौदलाची शिडाची बोट गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली. ५६ फूट लांब, लाकडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी. कुडाच्या भिंतीचीच ही दूरची नात. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शिडाच्या बोटीतून एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच बोटीतून कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले.