बोव्हा : भूमी, इतिहास आणि बोली

इटलीच्या द्वीपकल्पाचे दक्षिण टोक म्हणजे कालाब्रिया प्रांत, आणि त्या प्रांताच्याही टोकाला आस्प्रोमोन्ते हा पर्वतसमूह उभा आहे. या पर्वताच्या आयोनियन समुद्राकडील उतरणीवर, समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांहून अधिक उंचीवर, बोव्हा हे लहानसे नगर वसलेले आहे. नगराच्या माथ्यावर नॉर्मन काळातील किल्ल्याचे अवशेष असून त्याच्या पायथ्याशी दगडी घरांच्या ओळी खडकाला बिलगून उतरत गेल्या आहेत. सरळ रेषेत पाहता समुद्र दहा किलोमीटरांच्या आतच आहे. परंतु दऱ्याखोऱ्यांतून जाणारी वाट ते अंतर पुष्कळच लांबविते. दक्षिण इटलीतील ग्रीक संस्कृतीचा मागोवा घेणारा अभ्यासक सामान्यतः देवालये, नाट्यगृहे व नाणी यांच्याकडे वळतो. बोव्हा येथे त्याची निराशाच होईल. येथील ग्रीक परंपरेचा मुख्य पुरावा दगडात नसून शेतकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या बोलीत आहे. म्हणूनच या नगराचा इतिहास, त्याची भूमी आणि त्याची बोली यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

प्रथम भूमीचा विचार करू. आस्प्रोमोन्तेवरून समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांना इटालियन भाषेत ‘फ्युमारा’ म्हणतात. उन्हाळ्यात त्यांची पात्रे म्हणजे पांढऱ्या गोट्यांची रुंद, कोरडी पट्टी असते. शरद ऋतूत व हिवाळ्यात पाऊस लागला की त्याच पात्रांतून दरडी वाहून नेणारे लोंढे उतरतात. बोव्हाच्या पश्चिमेची आमेन्दोलेआ ही अशीच नदी होय. तिच्या खोऱ्यातील नावे सहज उलगडतात. आमेन्दोलेआ हे नाव बदामाच्या झाडाच्या ग्रीक नावापासून आलेले आहे, तर कोन्दोफुरी म्हणजे ‘जवळचे गाव’. स्वतः आस्प्रोमोन्ते या नावाचा पूर्वार्ध ‘पांढरा’ या अर्थाचा ग्रीक शब्द मानावा की ‘खडबडीत’ या अर्थाचा लॅटिन शब्द मानावा, असा विकल्प उरतो. दोन भाषांच्या सीमेवरील प्रदेशास हा विकल्प शोभणाराच आहे. बोव्हाला तेथील ग्रीक बोलीत ‘वूआ’ म्हणतात, किंवा नुसतेच ‘खोरा’ म्हणजे नगर. आसपासच्या खेड्यांच्या दृष्टीने नगर ते एकच होते.

इतिहासाच्या प्रारंभी या किनाऱ्यावर दोन ग्रीक वसाहती दिसतात. पश्चिमेस इसवी सनापूर्वी आठव्या शतकात वसलेले रेगिओन, म्हणजे आजचे रेज्जो, आणि ईशान्येस सातव्या शतकातील लोक्री. बोव्हाचा डोंगर या दोहोंच्या मध्ये येतो. पुढे रोमन सत्ता आली. ख्रिस्तजन्माच्या सुमारास लिहिणारा भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की, दक्षिण इटलीत तारास, रेगिओन व नेआपोलिस ही तीन नगरे वगळता ग्रीकपण कोठेही उरलेले नाही. यांपैकी रेगिओन बोव्हापासून फार दूर नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते. सहाव्या शतकात हा प्रदेश बायझंटाइन साम्राज्यात समाविष्ट झाला. नवव्या-दहाव्या शतकांत सिसिलीतून होणाऱ्या अरब स्वाऱ्यांमुळे किनाऱ्यावरील वस्ती डोंगरांकडे सरकली, आणि बोव्हासारखी उंचावरील ठिकाणे महत्त्वाला चढली. नगराचा संरक्षक संत लेओ हा ग्रीक परंपरेतील तपस्वी होता.

अकराव्या शतकात नॉर्मनांनी सत्ता घेतली, तरी ग्रीक उपासनाविधी लगेच नाहीसा झाला नाही. शेजारच्या जेराचे येथील धर्मपीठाने तो १४८० मध्ये सोडला. बोव्हा येथे तो त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे टिकला. १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, सायप्रसहून आलेला बिशप जूलिओ स्ताव्रिआनो याने तेथे लॅटिन विधी सुरू केला. या घटनेने ग्रीक भाषा देवळातून गेली. तिच्यामागे ना पाठशाळा राहिली, ना लेखणी. त्यानंतरची सुमारे चार शतके ती केवळ ऐकण्या-बोलण्यावर जगली.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील विद्वानांचे लक्ष या बोलीकडे गेले. जुझेप्पे मोरोसी याने १८७० मध्ये सालेन्तो येथील व १८७८ मध्ये बोव्हा परिसरातील ग्रीक बोलींवर निबंध प्रसिद्ध केले. त्याच्या मते या बोली बायझंटाइन काळात आलेल्या वसाहतवाल्यांच्या होत. १९२४ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेरहार्ड रोल्फ्स (१८९२–१९८६) याने या मताला उघड आव्हान दिले. त्याचे प्रतिपादन असे की, ही बोली प्राचीन वसाहतींच्या ग्रीकचीच अखंड परंपरा होय. त्याने पुढे केलेले शब्द साधे होते : ‘नासीदा’ म्हणजे नदीकाठची लागवडीची चिंचोळी पट्टी, ‘लानो’ म्हणजे द्राक्षे तुडविण्याचा हौद, ‘आसामो’ म्हणजे मालकीची खूण नसलेला पशू. अ‍ॅटिक ग्रीकमध्ये अशा शब्दांत दीर्घ ‘ए’ होता आणि मध्ययुगापर्यंत त्याचा ‘ई’ झाला. येथे मात्र डोरियन बोलीतला मूळचा ‘आ’ टिकून आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीकमधून हे शब्द आले असते, तर त्यांत ‘ई’ दिसावयास हवा होता.

हा युक्तिवाद प्रबळ असला तरी निर्णायक नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, मूठभर जुने शब्द लॅटिनभाषक मेंढपाळांच्या तोंडीही शिल्लक राहू शकतात. त्यांवरून अखंड ग्रीक भाषाव्यवहार सिद्ध होत नाही. ‘नासीदा’ हा शब्द कालाब्रियाच्या रोमान्स बोलीतही आढळतो, हे या आक्षेपाला बळ देणारे आहे. यास्तव शब्दांहून वाक्यरचनेचा पुरावा अधिक मोलाचा ठरतो. मानक इटालियन भाषेत ‘मी खाऊ इच्छितो’ या धर्तीची, तुमन्त रूपाची रचना आहे. कालाब्रियाच्या दक्षिण भागातील रोमान्स बोलीत मात्र ‘मी खावे असे इच्छितो’ या धर्तीची रचना रूढ आहे, आणि ती नेमकी ग्रीकची लकब होय. शब्द उसने घेता येतात. वाक्याची अशी घडण मात्र सहसा पिढ्यान्‌पिढ्यांच्या द्वैभाषिकतेतूनच उतरते. उलटपक्षी, आधुनिक ग्रीकमधून लुप्त झालेले तुमन्त रूप बोव्हाच्या ग्रीकमध्ये ‘शकणे’ या अर्थाच्या क्रियापदानंतर टिकले आहे. प्राचीन थर, त्यावर बायझंटाइन काळाची भर, आणि भोवती रोमान्स भाषेशी दीर्घ सहवास, अशी तिहेरी घडण मानल्यास या सर्व पुराव्याचा मेळ बसतो.

या वादात एक गोष्ट मात्र झाकोळली गेली. बोली किती प्राचीन याचा निवाडा चालू असताना ती बोलणाऱ्यांची संख्या घटत होती. नगरातील सुशिक्षित वर्गाने ती आधीच टाकली होती. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाल्यानंतर शाळा व लष्कर यांतून इटालियन भाषा घरोघर पोहोचली. फॅसिस्ट राजवटीत ग्रीक बोलणे हे मागासपणाचे लक्षण ठरविले गेले. किनाऱ्यावर रेल्वे आल्यावर बोव्हा मारीना ही नवी वस्ती वाढली व माणसे डोंगर उतरू लागली. त्यात फ्युमारांनी भर घातली. १९५१ च्या महापुरानंतर आफ्रिको हे गाव हलविण्यात आले, आणि १९७१ च्या पुरानंतर आमेन्दोलेआच्या काठावरील कड्यावरचे रोगूदी हे ग्रीकभाषक गाव ओस पडत गेले. तेथील कुटुंबे किनाऱ्यालगतच्या इटालियनभाषक वस्त्यांत विखुरली. ज्या दुर्गमतेने बोलीचे रक्षण केले, तीच तिच्या भाषकांना असह्य झाली होती.

१९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने इटलीने या ग्रीक बोलीला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून संरक्षण दिले. २०१६ मध्ये बोव्हा येथे रोल्फ्स याच्या नावाने तिचे संग्रहालय उघडले. पाम रविवारी तेथे ऑलिव्हच्या पानांच्या विणलेल्या स्त्रीप्रतिमांची मिरवणूक निघते, आणि त्यांत डिमीटर व पर्सेफोनी या देवतांचे स्मरण पाहण्याचा मोह अनेकांना होतो. अशा अनुमानांपेक्षा ‘आसामो’सारखा एखादा शब्द अधिक भरवशाचा आहे, कारण कळपात खूण नसलेले जनावर ओळखण्याची गरज जोवर होती, तोवर तो शब्द कोणी मुद्दाम जतन न करताही जगला. कळप गेले आणि नदीकाठच्या पट्ट्या पडीक झाल्या की अशा शब्दाला उरतो तो केवळ कोश. आज ही बोली सहजपणे बोलणारे मोजके असून त्यांतील बहुतेक वृद्ध आहेत. बोलीच्या अभ्यासकाने तिच्या वयाबरोबरच तिच्या व्यवहाराचीही नोंद त्या व्यवहाराच्या हयातीतच केली पाहिजे, हा बोव्हाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.