कोराडिया आयलिंट

कोराडिया आयलिंट ही हायड्रोजन इंधनघटावर धावणारी जगातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी होय. आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने ती जर्मनीच्या नीडरजाक्सन राज्यातील साल्झगिटर येथील कारखान्यात तयार केली. सप्टेंबर २०१६ मध्ये ती बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये दोन गाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू झाली व ऑगस्ट २०२२ पासून त्याच राज्यात १४ गाड्यांचा ताफा सेवेत येऊ लागला.

रचना

मुळात ही एका डिझेल गाडीची सुधारित आवृत्ती आहे. छतावरील टाक्यांमध्ये उच्च दाबाखाली हायड्रोजन साठवलेला असतो. इंधनघटात त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज निर्माण होते. बाहेर पडते ती केवळ वाफ व पाणी. तथापि याही गाडीत लिथियम-आयन बॅटरी असतेच. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तीत साठते आणि गाडी वेग घेताना उपयोगी पडते. त्यामुळे 'हायड्रोजन की बॅटरी' हा वाद वस्तुतः बाहेरून आणलेली ऊर्जा कोणत्या रूपात गाडीवर चढवावी, एवढ्यापुरताच आहे.

बॅटरी गाडीशी तुलना

पाण्याच्या विद्युत अपघटनाने १ किलो हायड्रोजन मिळवण्यास साधारणतः ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यात सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते आणि इंधनघट तिच्यापैकी जवळपास निम्मीच विजेत रूपांतरित करतो. म्हणजे मूळ विजेचा तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो; वायू दाबून भरण्यास व वाहून नेण्यास लागणारी ऊर्जा निराळीच. बॅटरीच्या बाबतीत हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास असते. हायड्रोजनचे बळ आहे ते पल्ल्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये आयलिंटने एकदाच इंधन भरून १,१७५ किलोमीटर अंतर कापले. बॅटरी गाडी तारेविना साधारण १०० किलोमीटर जाते, मात्र विद्युतीकृत भागातून जाताना ती पुन्हा भारित होते. युरोपातील बहुतेक तारविरहित शाखामार्गांना एवढे पुरते.

नीडरजाक्सनमध्ये वापरलेला हायड्रोजन आरंभी रासायनिक उद्योगातील उपपदार्थ होता, ही बाब 'शून्य उत्सर्जना'च्या जाहिरातीत सहसा आढळत नाही. २०२३ मध्ये त्याच राज्याच्या वाहतूक संस्थेने यापुढे डिझेल गाड्यांच्या जागी बॅटरी गाड्या घेण्याचे ठरवले. चालवण्याचा कमी खर्च हे त्यामागील कारण होते.

भारत

भारतात ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. कोकण रेल्वेचे २०२२ मध्येच झाले. साहजिकच हायड्रोजनचा विचार मुख्यत्वे उरलेल्या, विशेषतः डोंगरी वारसामार्गांसाठी झाला. २०२३ मध्ये रेल्वे मंत्रालयाने अशा ३५ गाड्यांची योजना मांडली; प्रत्येक गाडीचा अंदाजित खर्च ८० कोटी रुपये होता. त्यात नेरळ–माथेरान मार्गाचाही उल्लेख होता. सुमारे २० किलोमीटरच्या या मार्गावर दीर्घ पल्ल्याचा लाभ नगण्य आहे. मात्र तीव्र चढ-उतार असल्याने, उतरताना ब्रेकपासून मिळणारी वीज साठवणारी बॅटरी तेथे विशेष उपयुक्त ठरेल.