कुटुंबाची वंशावळ : धर्मग्रामाच्या नोंदवह्या, जनगणना आणि इंटरनेट

संत मत्तयचे शुभवर्तमान प्रभू येशूच्या वंशावळीने सुरू होते. आपल्यापैकी अनेकांना मात्र पणजोबांपलीकडचे नाव सांगता येत नाही. अलीकडे परदेशी स्थायिक झालेली तरुण मंडळी पूर्वजांचा शोध घेऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी हे थोडे मार्गदर्शन.

जनगणनेचा उपयोग किती?

ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनंतर जनगणनेचे तक्ते नावानिशी खुले होतात. १९२१ चे तक्ते २०२२ मध्ये इंटरनेटवर आले. भारतात तशी सोय नाही. आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होऊ लागली, परंतु १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय असते. प्रसिद्ध होतात ते गावांचे व समाजांचे आकडे. त्यात आजोबांचे नाव सापडणार नाही.

खरा आधार : धर्मग्रामाची नोंदवही

बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये सर्व ख्रिस्तसभेसाठी केला. आजच्या धर्मविधीनुसार (कलम ८७७) बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, मातापिता, धर्मपिता-धर्ममाता, संस्कार करणारे धर्मगुरू आणि जन्म व संस्कार यांची तारीख व स्थळ असते. १९०७ च्या 'ने तेमेरे' या आदेशानंतर विवाहाची नोंदही बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्यात येऊ लागली. त्यामुळे लग्न दुसऱ्या गावी झाले असले, तरी त्याचा दुवा मूळ धर्मग्रामात मिळू शकतो.

शोध स्वतःपासून सुरू करावा. आपल्या बाप्तिस्म्यावरून आईवडिलांच्या विवाहाकडे, तेथून त्यांच्या बाप्तिस्म्याकडे, अशी एकेक पायरी मागे जावे. मधली पायरी गाळू नये. जुन्या नोंदी लॅटिन वा पोर्तुगीज भाषेत असू शकतात. 'जोआन्नेस' म्हणजे आपला जॉन हे ध्यानी ठेवावे.

आडनावावर विसंबू नये. रॉड्रिग्ज व रॉड्रिक्स ही एकाच घराण्याची दोन लेखने असू शकतात. उलट, धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे वा धर्मगुरूंचे आडनाव घेण्याची प्रथा असल्याने समान आडनावाची दोन कुटुंबे रक्ताने परकीही असू शकतात.

जमिनीचे जुने सातबारा व वारसांचे फेरफार यांतून वडील, मुले व भावंडे यांची नावे जुळविता येतात. महसूल विभागाने काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख संकेतस्थळावर उपलब्ध केले आहेत.

इंटरनेट : सोय आणि सावधगिरी

संकेतस्थळांवरील तयार वंशवृक्ष कित्येकदा हौशी मंडळींनी ऐकीव माहितीवर रचलेले असतात. मूळ नोंद पाहिल्याशिवाय ते स्वीकारू नयेत.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मॉर्मन पंथीय पूर्वजांची नावे गोळा करून मृतांच्या वतीने आपल्या पद्धतीचा बाप्तिस्मा करतात. या कारणास्तव रोममधील धर्मगुरूविषयक परिषदेने २००८ मध्ये धर्मग्रामांच्या नोंदवह्या त्यांच्या वंशावळी संस्थेला चित्रणासाठी देऊ नयेत असे कळविले. म्हणून नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र काढून ते इंटरनेटवर टाकू नये. प्रमुख धर्मगुरूंकडे अर्ज करून आपल्या कुटुंबापुरता दाखला मागावा. त्या वहीत इतरांच्याही खाजगी गोष्टी असतात.

वंशावळ कशासाठी?

तिचा एक व्यावहारिक उपयोग विवाहाच्या वेळी होतो. सख्ख्या चुलत, आते, मामे व मावस भावंडांचा विवाह धर्मविधीच्या कलम १०९१ नुसार निषिद्ध नात्यात येतो. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत असेल, तर नाते आधीच तपासलेले बरे.

दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. घरातील आजी-आजोबांना आजच बसवून विचारावे आणि त्यांनी सांगितलेले प्रत्येक नाव, गाव व नाते लिहून ठेवावे. नोंदवही उद्याही पाहता येईल, त्यांची आठवण उद्या असेलच असे नाही. मग येत्या नोव्हेंबरमध्ये मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना 'आमचे सर्व पूर्वज' एवढेच न म्हणता त्यांची नावे घेऊन प्रार्थना करता येईल.