परकीय नागरिकांचे निष्कासन
परकीय नागरिकांचे निष्कासन : परकीय व्यक्तीस राज्याचा प्रदेश सोडून जाण्यास शासनाने भाग पाडणे. आश्रय देणे वा नाकारणे हा सार्वभौम राज्याचा अधिकार मानला जातो. तो प्रत्यक्षात मंत्री व अधिकारी वापरतात. आदेशाची कारणे देण्याचे आणि संबंधिताची बाजू ऐकून घेण्याचे बंधन त्यांच्यावर कितपत आहे, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

भारतात तो फाळणीनंतर पुढे आला. पाकिस्तानातून होणाऱ्या प्रवेशाच्या नियंत्रणासंबंधीच्या १९४९ च्या अधिनियमानुसार परवान्याच्या नियमांचा भंग केल्याचा वाजवी संशय असला, तरी त्या व्यक्तीस देशाबाहेर काढता येई. मग ती भारतीय नागरिक का असेना. मुंबई राज्यातील इब्राहिम वझीर मावत खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने हे कलम नागरिकांपुरते अवैध ठरविले. परकीयांना मात्र हे संरक्षण नव्हते. हान्स म्यूलर खटल्यात (१९५५) त्यांना घालवून देण्याचा केंद्र शासनाचा अधिकार अनिर्बंध असल्याचे त्याच न्यायालयाने सांगितले. म्हणजे सर्व काही नागरिकत्वावर अवलंबून राहिले.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातील, उदा., परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या, रहिवाशास २६ जानेवारी १९५० रोजी संविधानानुसार विनाअर्ज नागरिकत्व लाभले. गोव्यात निवड करावी लागली. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथे जन्मलेल्यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय मानण्यात आले. मात्र पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्याने एका महिन्यात लेखी निवेदन द्यावयाचे होते. आयुष्यभराच्या निर्णयाला ही मुदत तोकडीच म्हणावी लागेल.

गोव्यातील धर्मगुरू मोंतेरू यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवले. त्यामुळे ते आपल्याच भूमीत परकीय ठरले आणि त्यांना १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा वास्तव्य परवाना मिळाला. मुदतवाढ त्यांनी मागितली नाही. नायब राज्यपालांनी दिलेला देश सोडण्याचा आदेशही त्यांनी पाळला नाही. परकीय नागरिक अधिनियमाखाली (१९४६) त्यांना तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड झाला. गोवा हा व्याप्त प्रदेश असून जिनीव्हा करारानुसार तेथील संरक्षित व्यक्तीस हद्दपार करता येत नाही, असा त्यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २६ मार्च १९६९ रोजी फेटाळला. गोवा भारतात विलीन झाल्यावर लष्करी व्याप्ती उरली नाही, असा निर्णय झाला. पोर्तुगालने हे विलीनीकरण १९७४ च्या अखेरीस मान्य केले. न्यायालयाचा निष्कर्ष कायद्याला धरून होता. परंतु या माणसास बाहेर घालविणे न्याय्य होते काय, हा प्रश्न त्यात फारसा आला नाही.

पुढे हा पवित्रा किंचित सौम्य झाला. १९३७ पासून भारतात असलेले बेल्जियन मिशनरी लुई द रेट यांची याचिका १९९१ मध्ये फेटाळण्यात आली. तथापि परकीयासही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे आणि सुनावणीची आवश्यकता प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरते, असे न्यायालयाने नमूद केले. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणी (१९९६) त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्य शासनास देण्यात आला. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी नाही. १९४६ च्या अधिनियमाची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या अधिनियमाने घेतली असून परकीयांच्या वास्तव्याबाबतचा अधिकार केंद्र शासनाकडेच आहे.