उंबर : फळातील सहजीवन

उंबर (औदुंबर, फायकस रेसिमोझा) हा वड-पिंपळांच्या प्रजातीतील, ओढ्या-नद्यांच्या काठाने वाढणारा वृक्ष. फळांचे घोस थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. दत्तसंप्रदायात तो पूज्य असल्याने सहसा तोडला जात नाही, म्हणून गावाशेजारीही जुनी झाडे टिकून आहेत. परिसंस्थेतील उत्पादक, भक्षक, परभक्षी, परजीवी या भूमिका एकाच ठिकाणी पाहायच्या तर यासारखे झाड शोधून सापडणार नाही.

क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचे फूल म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक फळ म्हणजे आत वळलेला फुलोराच असतो आणि त्यात बारीक फुले शेकडो-हजारोंनी असतात. त्यांचे परागण सेराटोसोलेन फ्युसिसेप्स हा गांधीलमाशीच्या गणातील, जेमतेम दोन मिलिमीटरचा कीटक करतो. कोवळ्या फळाच्या वासाने आलेली मादी तोंडावरच्या खवल्यांमधून आत घुसते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख आणि बहुधा मिशांचे तुकडेही तिथेच गळतात. छातीवरच्या कप्प्यांत आणलेले पराग ती पुढच्या पायांनी फुलांवर घालते, काही फुलांत अंडी सोडते आणि आतच मरते. अंडी पडलेल्या फुलांच्या गाठी होऊन त्यांत अळ्या पोसल्या जातात, तर उरलेल्या परागित फुलांत बी धरते. झाड आपल्या बियांचा काही वाटा परागणाच्या मजुरीपोटी देते, असा हा व्यवहार आहे.

पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, गाठींत असलेल्या माद्यांशीच मीलन करतात आणि फळाच्या भिंतीला भोक पाडतात. माद्या पराग गोळा करून त्या भोकातून उडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतील दुसरे झाड गाठावे लागते. एका झाडाची फळे साधारण एकाच वेळी, पण वेगवेगळ्या झाडांची वेगवेगळ्या वेळी तयार होतात, म्हणून हे जमते. वटवाघळे, हरियाल, तांबट आणि माकडांना बाराही महिने कुठे ना कुठे पिकलेले उंबर मिळते तेही याच कारणाने. बिया त्यांच्या विष्ठेतून पसरतात. माणूस मात्र फळ फोडून, किडे झटकून मगच खातो.

या देवघेवीवर फुकटे बरेच जगतात. सायकोफॅगा प्रजातीतील कीटक फळात शिरत नाहीत. बाहेरूनच लांब अंडनिक्षेपक खुपसून फुलांत अंडी घालतात आणि परागणाला हातभार लावत नाहीत. अॅपोक्रिप्टा त्याहून वरचढ : त्याच्या अळ्या फळात आधीच वाढणाऱ्या इतर कीटकांच्या जिवावर पोसतात. केसाहून बारीक अशा त्याच्या अंडनिक्षेपकाच्या टोकाला जस्ताचा अंश असतो, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. कठीण साल भेदणारी ही सुई निसर्गातील थक्क करणाऱ्या अवजारांपैकी एक म्हणावी लागेल.

फळावर बसून भोक पाडायला वेळ लागतो आणि नेमकी हीच वेळ पाने शिवून घरटी करणारे तांबडे मुंगळे साधतात. फुकट्यांना टिपणारे म्हणून ते झाडाचे राखणदार ठरतात खरे, पण उडून जाणाऱ्या परागवाहक माद्यांनाही ते सोडत नाहीत. शिवाय झाडाचा रस शोषणाऱ्या किड्यांना ते गोड स्रावासाठी सांभाळतात. त्यामुळे त्यांना निव्वळ मित्र म्हणणे कठीण आहे.

सर्वांत बारीक प्रवासी सूत्रकृमी. परागवाहक मादीच्या अंगावर किंवा अंगात बसून ते एका फळातून दुसऱ्यात जातात. त्यांतले काही झाडावर जगतात, काही खुद्द वाहक कीटकावर. थोडे असताना मादीला त्यांचा त्रास जाणवत नाही. अशा वेळी ते केवळ सहप्रवासी ठरतात. गर्दी झाली की मात्र तिची उडण्याची ताकद घटते आणि पुढच्या विणीलाही फटका बसतो. पाठ्यपुस्तकातील सहभोजी आणि परजीवी हे दोन कप्पे येथे एकाच जिवाला लागू पडतात आणि कोणता लावायचा ते त्या दिवशीच्या संख्येवर ठरते.