सातवी गोळी

माझ्या मामाचं मूत्रपिंड बदललं, तेव्हा ते मामीने दिलं होतं. घरी सोडताना हॉस्पिटलने गोळ्यांचा एक तक्ता हातात दिला आणि मामीने तो फ्रिजवर चिकटवला. सकाळच्या रकान्यात सात गोळ्या. त्यातल्या काहींची किंमत ऐकूनच आपली किडनी दुखायला लागेल, असं मामा म्हणायचा. नवं मूत्रपिंड शरीराने परकं समजून नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या त्या गोळ्या. सातवी मात्र अगदीच स्वस्त. सेप्ट्रान. आपल्या घरांमध्ये लघवीच्या जळजळीला, जुलाबाला, कानाच्या दुखण्याला वर्षानुवर्षं दिली गेलेली.

तिसऱ्या महिन्यात ती स्ट्रिप संपली. गावातला दुकानदार म्हणाला, "ही काय, साधी गोळी आहे. पोट बिघडलं तर देतो आम्ही. नाही घेतली तरी चालतंय." मामाला ते पटलं. महागाच्या सहा गोळ्या तो मोबाईलचा गजर लावून घेत राहिला, सातवी सुटली.

दोनेक महिन्यांनी ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला. कफ नाही. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर विशेष काही ऐकू येईना. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून होता, तो मामीने काढला. बसल्या जागी ९५. बाथरूमपर्यंत जाऊन आल्यावर ८४. त्या रात्रीच त्याला शहरात हलवलं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर काचेवर वाफ धरावी तशी धूसर झाक होती. दुर्बीण घालून फुप्फुसातलं पाणी काढलं, तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सेप्ट्रान चालू होती ना?"

मामी माझ्याकडे बघायला लागली. मी फ्रिजवरच्या तक्त्याचा फोटो उघडला.

पुढचे एकवीस दिवस मी त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. पोटाच्या गोळीचा फुप्फुसाशी काय संबंध? उत्तर शोधता शोधता मी ब्राझीलला पोहोचलो, थेट १९०९ सालात.

त्या वर्षी कार्लोस शागास हा ब्राझीलचा डॉक्टर एका परजीवीचा अभ्यास करत होता. त्याला गिनीपिगच्या फुप्फुसात छोट्या गोल पिशव्या दिसल्या. आपण शोधलेल्या परजीवीच्याच आयुष्यातली ही एक अवस्था असावी, असं त्याला वाटलं. पुढच्या वर्षी अंतोनियो कारिनी या इटालियन शास्त्रज्ञाला साओ पाउलोमध्ये उंदरांच्या फुप्फुसात तशाच पिशव्या दिसल्या. नमुने पॅरिसला गेले. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डेलानोए या नवरा-बायकोने शहरातले उंदीर तपासले. शागासचा परजीवी ज्यांच्या अंगात नव्हता, अशा उंदरांतही त्या पिशव्या सापडल्या. म्हणजे हा जीवच वेगळा होता. १९१२ साली त्यांनी त्याला कारिनीच्या सन्मानार्थ न्यूमोसिस्टिस कारिनी असं नाव दिलं. उंदराला त्याचा फारसा त्रास दिसत नव्हता, त्यामुळे पुढची तीसेक वर्षं कुणाला त्यात विशेष रस वाटला नाही.

मग महायुद्ध आलं. युद्धाच्या काळात आणि त्यानंतर मध्य युरोपातल्या अनाथालयांत आणि बालरुग्णालयांत अपुऱ्या दिवसांची, कुपोषित बाळं एका विचित्र न्यूमोनियाने मरायला लागली. बाळाचा श्वास वाढत जायचा, ओठ निळे पडायचे. प्रागमध्ये योसेफ वानेक आणि ओट्टो यिरोव्हेट्स यांनी १९५१-५२च्या सुमारास या बाळांच्या फुप्फुसात त्याच पिशव्या दाखवून दिल्या. चाळीस वर्षं उंदरात निवांत राहिलेला जीव माणसात जीवघेणा का ठरला, याचं उत्तर त्या बाळांच्या अवस्थेतच होतं. उपाशी शरीराची प्रतिकारशक्ती शिल्लकच नव्हती. (माणसातली ही जात उंदराच्या जातीपेक्षा वेगळी असल्याचं पुढे सिद्ध झालं आणि तिला यिरोव्हेट्सचं नाव मिळालं.)

आज आपल्याला ठाऊक आहे की हा जीव जवळपास सगळ्यांना लहानपणीच भेटतो. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांच्या रक्तात त्याच्या ओळखीच्या खुणा सापडतात. तुमच्याही, माझ्याही. एकाच्या श्वासातून तो दुसऱ्याकडे जातो आणि शरीर त्याला सहज आटोक्यात ठेवतं. राखण उठली, की तो वाढतो.

ही राखण उठवायला विसाव्या शतकात आणखी एक कारण मिळालं: औषधं. कर्करोगाची औषधं, स्टेरॉइड, प्रत्यारोपणाच्या गोळ्या. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेली मुलं बरी होऊ लागली होती, आणि कर्करोग आटोक्यात आलेला असताना न्यूमोनियाने दगावत होती. तिथल्या वॉल्टर ह्यूज या डॉक्टरने उंदरांना स्टेरॉइड देऊन त्यांच्यात हा आजार उभा केला आणि एकेक औषध करून पाहिलं. लागू पडलं ते ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल यांचं मिश्रण, म्हणजेच आपली सेप्ट्रान. ही दोन्ही औषधं जंतूच्या फोलेट तयार करण्याच्या साखळीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी अडथळा आणतात. माणूस फोलेट अन्नातून घेतो, म्हणून आपलं तुलनेने निभावतं.

ह्यूजने पुढचा प्रश्न विचारला. आजार होण्याची वाट कशाला पाहायची? १६० मुलांपैकी ८० जणांना ही गोळी रोज दिली, ८० जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. निकाल १९७७ साली प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या गटात १७ मुलांना हा न्यूमोनिया झाला. औषध घेणाऱ्या गटात एकालाही नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर हे वाचताना मी तो आकडा दोनदा वाचला. सतरा आणि शून्य. मामाच्या डब्यातली सर्वांत स्वस्त गोळी, आणि तिच्यामागे इतका स्वच्छ पुरावा.

पण खरी गोष्ट यानंतर सुरू होते.

१९८१ साली अटलांटातल्या सीडीसी या सरकारी संस्थेत सॅन्ड्रा फोर्ड नावाच्या कर्मचारी काम करत. दुर्मिळ आजारांवरची, बाजारात न मिळणारी औषधं डॉक्टरांनी मागितली की पाठवायची, हे त्यांचं काम. त्यातलं एक होतं पेंटामिडीन, याच न्यूमोनियावरचं. मागणी करताना रुग्णाची प्रतिकारशक्ती कशाने कमी झाली हे सांगावं लागे. त्या वर्षी फोर्डबाईंच्या लक्षात आलं की तरुण पुरुषांसाठी मागण्या येताहेत आणि कारण कुणालाच देता येत नाहीये. कर्करोग नाही, प्रत्यारोपण नाही. त्यांनी वरिष्ठांना कळवलं. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये मायकल गॉटलिब या डॉक्टरला आणि त्याच्या सहकाऱ्यांना हेच दिसत होतं. ५ जून १९८१ रोजी सीडीसीच्या साप्ताहिक पत्रिकेत त्यांचं छोटं टिपण आलं. पाच तरुण समलिंगी पुरुष, सगळ्यांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, दोघांचा मृत्यू. एड्सच्या साथीची वैद्यकीय साहित्यातली ती पहिली नोंद.

म्हणजे एड्सची जगाशी ओळख या न्यूमोनियाने करून दिली. पुढची अनेक वर्षं एड्सच्या रुग्णांचा सर्वांत मोठा मारेकरीही तोच राहिला. आणि तो टाळणारी गोळी चार वर्षांपूर्वीच सापडलेली होती.

ती दिली गेली का? काही डॉक्टरांनी दिली. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ सोनाबेंड आपल्या रुग्णांना ती सुरुवातीपासून देत. त्यांचा एक रुग्ण मायकल कॅलन हा गायक आणि कार्यकर्ता होता. मे १९८७मध्ये तो काही सहकाऱ्यांसह अमेरिकन सरकारचे एड्स-संशोधनाचे प्रमुख अँथनी फाउची यांना भेटला. मागणी साधी होती: ही गोळी आधीपासून द्या, अशी शिफारस देशभरातल्या डॉक्टरांना करा. फाउचींचं म्हणणं पडलं की एड्सच्या रुग्णांवर चाचणी झाल्याशिवाय तसं सांगता येणार नाही. त्या म्हणण्याला आधार होता. एड्सच्या रुग्णांना सल्फाचं पुरळ आणि ताप फार वेळा येत असे, आणि मुलांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणं धोक्याचं वाटत होतं. पण कॅलनच्या बाजूलाही मोजदाद होती, ती मृत मित्रांची. शेवटी रुग्णांनी आणि वस्तीतल्या डॉक्टरांनी स्वतःच श्वासावाटे घ्यायच्या पेंटामिडीनच्या चाचण्या चालवल्या. मायामीत मार्गारेट फिशल यांनी गोळीचीच चाचणी केली, ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. जून १९८९मध्ये सीडीसीची अधिकृत शिफारस आली. ह्यूजच्या निकालानंतर बारा वर्षांनी.

त्या बारा वर्षांत चूक कुणाची, यावर अजून वाद होतात. मला एवढं कळतं की पुरावा मागणं हा गुन्हा नाही, पण पुरावा गोळा करायची घाई कुणाला असते हे मरणारा कोण आहे यावर बरंच ठरतं.

याच काळात शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट उमगली. ज्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षं प्राणिजन्य परजीवी समजत होतो, तो निघाला बुरशी! १९८८ साली त्याचा आरएनए वाचला, तेव्हा तो बुरशीच्या कुळाशी जुळला. बुरशीवरच्या बऱ्याच नेहमीच्या औषधांना तो दाद देत नाही, कारण ती औषधं ज्या एर्गोस्टेरॉलवर हल्ला करतात ते त्याच्या आवरणात नसतं. २०२१मध्ये आपण 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी ऐकला. ही तिची अगदी वेगळी, दूरची भाऊबंद. कारण मात्र ओळखीचं, दबलेली प्रतिकारशक्ती.

आणि आपल्याकडे? भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ साली चेन्नईत झालं. ते करणाऱ्या डॉक्टर सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी शंभर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते, त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. पुढे सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने एड्सवर काम करणारी संस्था काढली. त्या काळी फार कमी डॉक्टर या रुग्णांना हात लावत. १९८९ साली, अमेरिकेत ती शिफारस निघाली त्याच वर्षी, गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला रक्तदानानंतर पॉझिटिव्ह निघाला म्हणून पोलिसांनी नेलं आणि ६४ दिवस एका जुन्या क्षयरुग्णालयात कोंडून ठेवलं. तो तेव्हा आजारीही नव्हता.

आपल्याकडे एचआयव्हीच्या रुग्णांना सर्वांत जास्त गाठलं ते टीबीने. ताप, खोकला, घटलेलं वजन म्हणजे टीबी, हा अंदाज बहुतेकदा बरोबरच निघायचा. न्यूमोसिस्टिसचं निदान अवघड. तो प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. फुप्फुसात खोलवरून नमुना काढावा लागतो, तो खास रंगवून बघावा लागतो. आफ्रिकेत कोत दिव्वारमधल्या चाचणीत एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्यांना हीच स्वस्त गोळी दिली, तेव्हा मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. तो निकाल १९९९चा. १ एप्रिल २००४पासून भारतात सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि सेप्ट्रान त्या उपचारांचा भाग बनली.

एचआयव्हीची औषधं आल्यावर हा न्यूमोनिया त्या रुग्णांत कमी झाला. आता बऱ्याच देशांत तो जास्त दिसतो मामासारख्यांमध्ये: प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे, संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडवर असलेले. त्यांच्यात तो झपाट्याने वाढतो आणि जास्त जणांना नेतो. प्रत्येकाला ही गोळी लागतेच असं नाही, आणि सल्फा न सोसणाऱ्याला ती घातकही ठरू शकते. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण ठरवलं असेल, तर ती कशासाठी आहे हे घेणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. आमच्या तक्त्यावर नाव होतं, वेळ होती. कारण नव्हतं.

मामाला हॉस्पिटलमध्ये दिलं ते औषधही तेच, सेप्ट्रानच, फक्त शिरेतून आणि मोठ्या मात्रेत. त्या मात्रेने क्रिएटिनिन वाढायचं, आणि मामीचं मूत्रपिंड पणाला लागलं होतं. रोज सकाळी रिपोर्ट येईपर्यंत ती बाकावरून उठायची नाही. एकविसाव्या दिवशी मामा ऑक्सिजनशिवाय बाथरूमपर्यंत चालत गेला आणि परत आला. ऑक्सिमीटरवर ९४.

घरी आल्यावर मी फ्रिजवरचा जुना तक्ता काढला आणि नवा लिहिला. प्रत्येक गोळीसमोर एक रकाना वाढवला: 'कशासाठी'. सातव्या ओळीत लिहिलं, 'फुप्फुसासाठी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.' मामाने वाचलं आणि म्हणाला, "एवढी स्वस्त गोळी, आणि एवढा रुबाब?"

मामी म्हणाली, "गप घ्या." आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.