खरेदी विनिर्देश

खरेदी विनिर्देश : विकत घ्यावयाच्या मालाचे आकारमान, रासायनिक संघटन, बळकटी इ. गुणधर्म आणि ते पारखण्याच्या कसोट्या ठरवून देणाऱ्या लेखी अटी. खरेदीदाराने कमीत कमी किंमत द्यावयाची, तर कोणत्या वस्तूची, हे विनिर्देशावरून निश्चित होते. विनिर्देश सैल असल्यास स्वस्त निविदेबरोबर निकृष्ट माल येण्याची भीती असते. तो गरजेपेक्षा कडक असल्यास उत्पादनखर्च वाढतो व पुरवठादारांची संख्या घटते. या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न कारखानदारीच्या वाढीबरोबर तीव्र झाला आणि तो प्रथम रेल्वे कंपन्यांच्या रूळखरेदीत ठळकपणे पुढे आला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खरेदीदाराची भिस्त मुख्यत्वे कारखानदाराचा लौकिक, मालाचा नमुना आणि ठराविक मुदतीची हमी यांवर असे. रुळांच्या बाबतीत ही साधने अपुरी पडत. रूळ हजारो टनांच्या प्रमाणात घेतले जात आणि त्यांतील दोष वरून दिसत नसत. वाहतुकीचा भार पडू लागल्यावर काही वर्षांनी ते उघडकीस येत. लोखंडी रूळ लवकर झिजत व त्यांचे थर सुटत. बेसेमर पद्धतीच्या पोलादी रुळांनी ही अडचण दूर होईल, अशी अपेक्षा होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा रुळांचे व्यापारी उत्पादन १८६७ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांचा दर टनास सु. १६६ डॉलर होता. १८९८ पर्यंत तो सु. १८ डॉलरांवर आला. किंमतीतील ही घसरण रेल्वे कंपन्यांना हितकारक असली, तरी एकाच दराने घेतलेले काही रूळ दीर्घकाळ टिकत, तर काही अल्पावधीत झिजत किंवा तुटत. किंमतीवरून हा फरक ओळखता येत नसे.

पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने १८७५ मध्ये चार्ल्स बेंजामिन डडली (१८४२–१९०९) या रसायनशास्त्रज्ञाची अल्टूना येथे नेमणूक केली. कंपनी विकत घेत असलेल्या मालाचे पृथक्करण करणे, हे त्याचे काम होते. वापरात टिकलेल्या व निकामी झालेल्या रुळांचे नमुने घेऊन त्याने त्यांचे संघटन व बळकटी यांची तुलना केली आणि १८७८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मऊ पोलादाचे रूळ अधिक टिकतात, असे त्याचे मत होते. त्यानुसार कार्बन, फॉस्फरस, सिलिकॉन व मँगॅनीज यांच्या प्रमाणांना मर्यादा घालणारा विनिर्देश त्याने सुचविला. वंगणतेले, साबण, रंग इ. मालही त्याने असाच तपासला.

पोलाद कारखानदारांनी या विनिर्देशास तीव्र विरोध केला. पोलाद कसे तयार करावे, हे सांगण्याचा ग्राहकास अधिकार नाही आणि अशा अटींमुळे खर्च विनाकारण वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. पुढे एंजिने व वाघिणी जड होत गेल्या, तसे अधिक कार्बनयुक्त, कठीण पोलादाचे रूळ प्रचारात आले आणि मऊ पोलादाविषयीचा डडलीचा निष्कर्ष मागे पडला. मात्र मालाची पारख मोजता येणाऱ्या गुणधर्मांवरून करावी, ही त्याची भूमिका टिकून राहिली. वाद मिटविण्यासाठी उत्पादक व ग्राहक यांनी एकत्र बसून विनिर्देश तयार करावेत, असे मत तो मांडू लागला. कारण वस्तू कशी तयार होते हे एकास, तर ती वापरात कशी टिकते हे दुसऱ्यास ठाऊक असते. १८९८ मध्ये फिलाडेल्फिया येथे आंतरराष्ट्रीय द्रव्यपरीक्षण संघाची अमेरिकन शाखा स्थापन झाली. १९०२ मध्ये तिला स्वतंत्र संस्थेचे रूप आले व डडली तिचा अध्यक्ष झाला. कोणत्याही एका पक्षाचे वर्चस्व राहू नये, अशा रीतीने तिच्या समित्यांत उत्पादक व ग्राहक यांचा समतोल राखण्यात येई.

तथापि विनिर्देश पुरा केलेला माल निर्दोष असतोच, असे नाही. २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे रूळ तुटून आगगाडीस अपघात झाला व त्यात २९ प्रवासी मृत्युमुखी पडले. चौकशीत रुळाच्या अंतर्भागात आडव्या भेगा आढळल्या. रासायनिक पृथक्करणाने किंवा वरवरच्या पाहणीने हा दोष सापडण्याजोगा नव्हता. त्याच्या मुळाशी पोलादात राहिलेला हायड्रोजन वायू असल्याचे पुढे दिसून आले. १९३० नंतरच्या दशकात रूळ नियंत्रित गतीने थंड करण्याची पद्धत रूढ झाली व हा दोष आटोक्यात आला. जे अद्याप ज्ञात नाही, ते विनिर्देशात नमूद करता येत नाही. त्यामुळे वापरातील अनुभवानुसार त्याची फेररचना करीत राहणे अपरिहार्य ठरते.

ब्रिटनमध्ये १९०१ साली अभियांत्रिकी मानक समिती स्थापन झाली. ट्रामच्या रुळांचे पंचाहत्तर आकार प्रचारात होते, ते तिने पाचांवर आणले. त्यामुळे कारखान्यांतील लाटणयंत्रांचे साचे वरचेवर बदलण्याचा खर्च वाचला. नेमका विनिर्देश काटकसरीस नेहमीच मारक असतो, ही समजूत या उदाहरणावरून चुकीची ठरते.

भारतात प्रश्नाचे स्वरूप काहीसे वेगळे होते. मुंबई–ठाणे मार्ग १८५३ मध्ये सुरू करणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीसह प्रारंभीच्या रेल्वे कंपन्यांना गुंतविलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. तूट भारतीय महसुलातून भरून निघत असल्याने काटकसर करण्याची निकड त्यांना भासत नसे. रूळ, पूल व एंजिने ब्रिटनमधून येत. मोठा खर्च होऊनही दर्जाची शाश्वती मिळालीच, असे नाही. भोर घाटातील एक मोठा पूल १८६७ मध्ये कोसळला व त्यानंतर या कंपनीच्या इतर दगडी बांधकामांतील उणिवाही उजेडात आल्या. भरपूर खर्च म्हणजे उत्तम दर्जा, हे समीकरणही स्वस्ताईच्या हव्यासाइतकेच फसवे आहे, हे यावरून दिसते.

१९०७ मध्ये मुंबईत नोंदलेल्या टाटा आयर्न अँड स्टील कंपनीकडून दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याचे सरकारने मान्य केले. मात्र ते विनिर्देशास उतरले पाहिजेत आणि त्यांची किंमत आयात रुळांपेक्षा अधिक असता कामा नये, अशी अट होती. साकची येथे १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले. नव्या कारखान्यास किंमत व दर्जा या दोन्ही बाबतींत मुरलेल्या परदेशी कारखान्यांशी एकदमच सामना करावा लागला. स्वातंत्र्यानंतर देशी विनिर्देशांचे काम १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेकडे आले; १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली.

विसाव्या शतकात या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी व्यापक झाली. अमेरिकेतील बेल दूरध्वनी उद्योगात सर्व नग तपासण्याऐवजी सांख्यिकीच्या आधारे मोजके नग तपासण्याची रीत विकसित झाली व तपासणीचा खर्च घटला. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईच्या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पर्यायी माल वापरावा लागला, तेव्हा काही वेळा तो स्वस्त असूनही अधिक उपयुक्त ठरला. त्या अनुभवातून लॉरेन्स माइल्स याने १९४७ च्या सुमारास मूल्यविश्लेषणाची पद्धती मांडली. वस्तू काय आहे यापेक्षा ती कोणते कार्य करते हे आधी ठरवावे व त्या कार्यास न लागणारा खर्च काढून टाकावा, हे तिचे सूत्र होय. विल्यम एडवर्ड्‌झ डेमिंग याने तर केवळ किंमतीवरून पुरवठादार निवडण्याची प्रथाच त्याज्य ठरविली. एकूण खर्च लक्षात घेऊन पुरवठादाराशी दीर्घकालीन संबंध जोडावेत, असे त्याचे प्रतिपादन होते.

खरेदीत झालेली बचत त्याच वर्षीच्या हिशेबात दिसते. दुरुस्ती, खोळंबा व अपघात यांचा भुर्दंड पुष्कळदा दुसऱ्या खात्यावर, पुढील वर्षांत आणि काही वेळा कंपनीबाहेरच्या माणसांवर पडतो. म्हणून खरेदी खाते, मालाचा प्रत्यक्ष वापर करणारे खाते आणि तपासनीस या तिघांचा विचार विनिर्देश ठरविताना एकत्र होणे आवश्यक असते. अल्टूनाच्या प्रयोगशाळेत या सहकार्यास प्रारंभ झाला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.